आधी सांगा, फाइल कुठली?

वाचनालयाचं शेवटचं पुस्तक मी जून २०२३ मध्ये परत केलं. मुदत पंधरा दिवसांची, मी ठेवलं बेचाळीस दिवस, आणि पान ३८ च्या पुढे गेले नव्हते. काउंटरवरच्या काकूंनी दंड घेतला नाही. "राहू दे गं," म्हणाल्या. दंड घेतला असता तर बरं वाटलं असतं.

मला रेटिनायटिस पिग्मेंटोझा (आरपी) हा डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. कॉलेजात असल्यापासून रात्रीचं दिसायचं नाही. आईनं वर्षानुवर्षं गाजरं खायला घातली. चाळिशीनंतर बाजूचं दिसणं आक्रसत गेलं आणि सगळं नळीतून बघितल्यासारखं झालं. वाचताना नेमकं काय होतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं अक्षरं पुसट होत असतील. तसं नाही. अक्षर स्वच्छ दिसतं, पण एका वेळी तीन-चारच. ओळीच्या शेवटाला पोचलं की पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही. पट्टी ठेवून झाली, काळ्या पुठ्ठ्याला खिडकी कापून झाली. एका पानाला अर्धा तास, आणि मग डोकं धरून बसायचं.

आज मी महिन्याला तीन-चार पुस्तकं वाचते. मधला रस्ता मला कुणी सलग सांगितला नाही, तुकड्या-तुकड्यांनी कळला. काही तुकडे तर पैसे फुकट घालवल्यावर. म्हणून हे लिहितेय.

सुरुवात दिव्यांग प्रमाणपत्रापासून करा. मला ते नको होतं. वाचायला प्रमाणपत्र कशाला? पण अशी खास केलेली पुस्तकं कायद्यानं फक्त छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्या दिव्यांगांनाच देता येतात, त्यामुळे दार उघडायला तो कागद लागतोच. ऑगस्ट २०२३ मध्ये भाच्यानं स्वावलंबन कार्डाच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, सरकारी संकेतस्थळावर माझा अर्ज भरला. आधार, फोटो आणि सहीचा स्कॅन, एवढंच. फी नाही. नाव मात्र सगळीकडे एकसारखं हवं. माझ्या आधारवर मधलं नाव यांचं आणि शाळेच्या कागदांवर वडिलांचं, त्यातच दोन आठवडे गेले.

तपासणी दर बुधवारी, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात. १३ सप्टेंबरला पहाटेच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. तिथे डोळ्यांची, कानांची आणि हातापायांची अशा तीन रांगा होत्या, आणि कुठली कुणाची हे भिंतीवरच्या एका कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं. म्हणजे अंधांची रांग शोधायला डोळस माणूस बरोबर न्यायचा. साडेअकराला माझा नंबर आला. भिंतीवरच्या तक्त्यातल्या बऱ्याच ओळी मी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्हाला दिसतंय की! प्रमाणपत्राला लागणारं चाळीस टक्के दिव्यांगत्व बसायचं नाही." मला उत्तर सुचलं नाही. आपण खोटं बोलत होतो की काय असं वाटून मी मान खाली घालून बाहेर आले. परतीच्या वाटेत हे काही बोलले नाहीत, मीही नाही.

घरी आल्यावर माझ्या जुन्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे समजावलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वाची व्याख्या फक्त तक्त्यावर ठरत नाही. चांगल्या डोळ्याचं दृष्टिक्षेत्र दहा अंशांपेक्षा कमी असेल तर तक्ता वाचता आला तरी तो माणूस कायद्यानं अंध. त्यासाठी पेरिमेट्री नावाची तपासणी लागते, ती मागून घ्या. तुम्हाला आरपी किंवा काचबिंदू असेल तर हे वाक्य पाठच करून जा: "माझी फील्डची तपासणी करा."

त्या रुग्णालयातलं पेरिमेट्रीचं मशीन बंद होतं. मी शहाणपणा केला आणि बाहेर बाराशे रुपये देऊन तपासणी करून आणली. पुढच्या बुधवारी कळलं की खासगी रिपोर्ट चालत नाही, सरकारीच हवा. हे आधी विचारलं असतं तर बाराशे वाचले असते. मग शेजारच्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी मिळाली आणि तारीख पडली ११ ऑक्टोबर.

पेरिमेट्री म्हणजे एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कुठेही प्रकाशाचा कण दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी चार-पाच वेळा दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. वाटलं, वीज गेली. मी विचारलं, "मशीन बंद पडलं का?" मागून मुलगी म्हणाली, "नाही ताई, सुरूच आहे." त्या दोन-तीन मिनिटांत त्या वाडग्यात किती दिवे लागून विझले असतील कोण जाणे. माझं किती गेलंय हे मला त्या खुर्चीवर पहिल्यांदा कळलं.

२२ नोव्हेंबरला प्रमाणपत्र झालं. नव्वद टक्के, कायमस्वरूपी. सप्टेंबरात शून्य होते, नोव्हेंबरात नव्वद; मधे माझ्या डोळ्यांत काही बदललं नव्हतं. स्टँडवर यांनी गरम भजी घेतली आणि म्हणाले, "पहिल्यांदाच नव्वद टक्के मिळाले तुला." मी हसले आणि मग रडले, भजी हातात तशीच. कार्ड जानेवारी २०२४ मध्ये पोस्टानं आलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आदल्या मार्चपासून होतंच, आता पाव झालं.

कार्ड आल्यावर ‘सुगम्य पुस्तकालय’. हे ऑनलाइन ग्रंथालय केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागानं डेझी फोरम ऑफ इंडियाबरोबर २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू केलं. डेझी हा अंध वाचकांसाठीच्या पुस्तकाचा एक प्रकार. त्यात प्रकरणावरून प्रकरणावर, पानावरून पानावर उडी मारता येते. सदस्य होण्यासाठी फोरमच्या एखाद्या सदस्य संस्थेमार्फत जावं लागतं. मी एका संस्थेला कार्डाची प्रत आणि अर्ज ईमेल केला. पहिल्या ईमेलला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं नाही. फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी काम झालं. ईमेल करा, पण फोनही करा. असे तीन आठवडे गेले आणि फेब्रुवारीअखेर माझ्याकडे पासवर्ड होता. त्या संकेतस्थळावर कसं फिरायचं हे मात्र काहीच कळत नव्हतं.

कारण तोवर मला फोन ऐकायला येत नव्हता. शब्दशः तसंच म्हणते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासूनच असतं. आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरली की सुरू होतं. मग बोट लागेल ते फोन बोलून दाखवतो आणि उघडायचं असेल तर दोनदा टकटक करायची. पहिल्या दिवशी मला फोन उचलता आला नाही, बंदही करता आला नाही, आणि घाबरून मी तो उशीखाली ठेवला. उशीखालून तो "बॅटरी चौसष्ट टक्के" म्हणाला. एक आठवडा रोज अर्धा तास, घरात कुणी नसताना शिका. समोर माणूस असला की तो "द्या इकडे, मी करतो" म्हणतो आणि आपलं शिकणं तिथेच संपतं. लॅपटॉपवर एनव्हीडीए हे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घेतलं. ऑस्ट्रेलियात दोघा अंध मित्रांनी मिळून २००६ पासून घडवलेलं, आणि फुकट. शाळेच्या ऑफिसात मी कारकून आहे. तिथलं कामही आता त्यावरच चालतं.

पण तो आवाज! एनव्हीडीएबरोबर येणारा ईस्पीकचा मराठी आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. फोनवरचा गूगलचा आवाज गोड आहे, पण त्याला मराठीतले दोन च आणि दोन ज माहीत नाहीत. चूल तो चिंचेच्या च-नं पेटवतो. माझ्या जाऊबाईंचा उच्चार तो ज्या ज-नं करतो, तो ऐकून त्या स्वतः दोन दिवस फुरंगटल्या होत्या. "दुसऱ्या" शब्दाशी अडखळतो. आणि चुकून हिंदी आवाज निवडला गेला तर बघायला नको. अख्खी कादंबरी मराठी नाटकातल्या भय्यासारखी वाचली जाते. सेटिंगमध्ये जाऊन मराठीचा आवाज वेगळा उतरवून घ्या, हे मला दीड महिन्यानं कळलं.

कान सरावायला वेळ लागतो. पहिल्या पुस्तकात मी फक्त आवाजच ऐकत होते, गोष्ट नव्हे. एप्रिलमधल्या एका दुपारी भांडी घासताना मी थांबले. नळ बंद केला आणि उभी राहिले, कारण पुढे काय होणार ते मला ऐकायचं होतं. आवाज कधी नाहीसा झाला ते कळलंच नाही.

मराठी पुस्तकांचं दुखणं वेगळं आहे, तेही सांगायला हवं. इंग्रजीचा ढीग आहे, मराठीचं तसं नाही. कुणी कौतुकानं एखाद्या पुस्तकाची पीडीएफ पाठवतं. डोळ्यांनी बघणाऱ्याला ती सुरेख मराठी दिसते. पण ती युनिकोडच्या आधीच्या डीटीपी फाँटात असते, म्हणजे आतून सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, वरून फक्त मराठीचा मुखवटा. माझा फोन मुखवटा बघत नाही, आतलं वाचतो. "डॉलर एस कंस एच टिल्ड" असं तो अर्धा तास वाचत होता आणि मी, नवखी, प्रस्तावना संपायची वाट बघत होते.

मे महिन्यात ठरवलं की घरातलंच एक पुस्तक स्वतः करायचं. वडिलांच्या कपाटातला एक गावाकडच्या कथांचा संग्रह, १६४ पानं. लेखक आज कुणाला आठवणार नाहीत आणि पुस्तक पुन्हा छापलंही गेलं नाही. हे करायला मुभा आहे बरं का; २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यातच अंध माणसाला आपल्या वाचनासाठी अशी प्रत करायची आणि दुसऱ्या अंध माणसाला द्यायची सोय आहे. यांनी लग्नाच्या फोटोच्या फ्रेमची काच काढून पानावर दाबायला घेतली. काचेवर ट्यूबलाइट चमकायला लागली म्हणून सगळा कारखाना गच्चीच्या जिन्यात हलवला. हे काच दाबायचे, भाचा फोटो काढायचा, मी पानं मोजायची. दोन रविवार गेले. फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक म्हणून उघडले की अक्षरं वेगळी होऊन येतात. येतात म्हणजे कशी? प्रत्येक पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा वाक्याच्या मधेच घुसतो. म्हातारी उठून बसली सत्तेचाळीस आणि म्हणाली. घ-चा ध होतो. भ-चा म होतो. जुन्या खिळ्यांचा ख फुटून र आणि व होतो, त्यामुळे त्या कथांमध्ये कुणालाच दुःख नव्हतं, सगळ्यांना दुःरव होतं. मी महिनाभर रोज रात्री चार-पाच पानं दुरुस्त करत बसले. आणि गंमत म्हणजे एखादं पुस्तक इतकं बारकाईनं मी डोळे असताना कधी वाचलं नव्हतं.

रविवारच्या फोनबद्दल मला पुण्याच्या एका निवृत्त शिक्षिकेकडून कळलं. सगळे त्यांना बाईच म्हणतात. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता आठ-दहा अंध वाचक कॉन्फरन्स कॉलवर जमतात आणि एकच प्रश्न फिरतो: सध्या काय वाचताय? मी पहिल्यांदा ९ जून २०२४ ला गेले. मनात म्हटलं, सगळे आपापली दुःखं सांगतील. पहिली पाच मिनिटं मला वाटलं मी चुकून कुठल्यातरी स्टेशनरीच्या दुकानात फोन लावलाय.

"मी ‘कोसला’ लावलंय."

"ईपब की ऑडिओ?"

"टेक्स्ट. कुठला आवाज लावू सांगा, गूगलचा दर ‘वगैरे’ला जांभई देतो."

"ईस्पीक लाव, स्पीड वाढव. वगैरे पळत जातात."

डोळस माणसं पुस्तकाबद्दल बोलताना लेखक विचारतात, विषय विचारतात. आमच्यात आधी फाइल विचारतात. कुठून मिळाली, कुठल्या प्रकारात आहे, पानांचे आकडे साफ केलेत का, टीपा मधेच येतात का. मला सुरुवातीला ते कोरडं वाटलं. नंतर लक्षात आलं की ज्यांनी आयुष्यभर "हे पुस्तक तुमच्यासाठी नाही" ऐकलं, त्यांच्यासाठी ‘मिळालं’ ही पुस्तकाची पहिली आणि सगळ्यात रसाळ घटना असते. ती सांगून झाल्याशिवाय कथानकाकडे जाताच येत नाही.

नांदेडचा एक मुलगा आहे, बँकेत नोकरीला. जन्मापासून अंध. तो तिप्पट वेगानं वाचतो. एकदा त्यानं आपला फोन स्पीकरला लावून दाखवला. मला फक्त मधमाश्या ऐकू आल्या. त्याला रहस्यकथा लागतात आणि शेवट सांगून टाकायची वाईट खोड आहे. चिपळूणचे काका निवृत्त आहेत, मधुमेहानं साठीत दृष्टी गेली. त्यांना यंत्राचा आवाज सहनच होत नाही, माणसाचाच हवा, म्हणून ते स्टोरीटेल या ऑडिओ पुस्तकांच्या ॲपवर असतात. वाचक नटासारखा रडायला लागला की मात्र चिडतात. "रडायचं का नाही ते माझं मी ठरवीन," असं म्हणून त्यांनी एक कादंबरी चौथ्या प्रकरणात सोडली.

बाई त्या महिन्यात ‘स्मृतिचित्रे’ वाचत होत्या, कितव्यांदा कोण जाणे. त्यांच्याकडे ते कॅसेटवरून उतरवलेलं आहे, कुणा स्वयंसेविकेनं फार वर्षांपूर्वी आपल्या घरी बसून वाचलेलं. लक्ष्मीबाईंच्या घरातलं सोवळ्याओवळ्याचं वेड चालू असताना मागे कुकरची शिट्टी होते, मग वाचणाऱ्या बाई "एक मिनिट हं" म्हणतात, खुर्ची सरकते, आणि त्या परत येऊन तेच वाक्य पहिल्यापासून वाचतात. बाईंना ती शिट्टी कुठल्या पानावर येते ते पाठ आहे. स्टुडिओत केलेली स्वच्छ प्रत कुणी पाठवली तरी नको म्हणाल्या. "माझ्या पुस्तकात भात शिजतो," म्हणाल्या.

एकदाच भांडण झालं. मी म्हणाले, "मी गेल्या आठवड्यात एक चरित्र ऐकलं." नांदेडचा मुलगा तडकला. "ताई, वाचलं म्हणा. डोळसांचे डोळे वाचतात, आमचे कान वाचतात. परीक्षेचा अभ्यास मी ऐकला नाही, केला." काकांचं मत उलटं: ऐकणं ते ऐकणं, त्यात कमीपणा कसला, कीर्तन काय लोक वाचत होते? अर्धा तास वादात गेला. मी तेव्हापासून ‘वाचलं’ म्हणते, पण काकांचं कीर्तन डोक्यातून जात नाही.

ब्रेलकडे मला बाईंनी ढकललं. मी म्हटलं, पन्नाशीला आलेल्या बोटांना काय जमणार. त्या म्हणाल्या, "कविता कानानं वाचून बघ आणि मग सांग." वाचून बघितली. यंत्र ओळ कुठे मोडते ते पाळत नाही, सगळी कविता एका दमात बातमीसारखी. ऑक्टोबरमध्ये वीस दिवसांची रजा घेऊन पुण्याला बहिणीकडे गेले आणि रोज सकाळी शिकवणी लावली. स्लेट आणि स्टायलस, म्हणजे ब्रेल लिहायची पट्टी आणि टोच्या, मिळून तीनशेच्या आत आले. जाड कागद मात्र जुन्या कॅलेंडरांचा वापरला, तो उत्तम चालतो.

सहा टिंबं, तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही एकच पद्धत आहे, म्हणजे मराठी म आणि बंगाली म बोटाला सारखेच. पहिल्या वेलांटीची एक मजा आहे. छापील ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते. ब्रेलमध्ये आधी क, मग वेलांटी, आपण बोलतो त्या क्रमानं. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. माझी फजिती केली ती ल आणि ळ-नं. ल म्हणजे डावीकडची तिन्ही टिंबं, ळ म्हणजे उजवीकडची तिन्ही. स्लेटवर कागद उलट्या बाजूनं, उजवीकडून डावीकडे टोचायचा असतो, म्हणजे डावं ते उजवं. मी ‘बाळ’ लिहिलं आणि कागद उलटून बोट फिरवलं तर ‘बाल’. ‘फूल’ लिहिलं तर ‘फूळ’. शिकवणाऱ्या मॅडम स्वतः अंध, त्यांनी माझ्या वहीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या हो?"

वाचणं त्याहून कठीण. बोट दाबलं की टिंबं सपाट लागतात. हलकं ठेवलं तर घसरतं. हिवाळ्यात बोटं कोरडी पडली की काहीच कळत नाही, म्हणून गार पाण्यानं धुणी-भांडी आटोपल्यावर लगेच बसू नका, तासभर थांबा. कांदा चिरल्यावरही नाही. डाव्या तर्जनीला माझ्या उजवीपेक्षा जास्त अक्कल आहे हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. बाईंनी ‘स्पर्शज्ञान’चा एक जुना अंक पाठवला. स्वागत थोरातांनी २००८ मध्ये सुरू केलेलं हे मराठी ब्रेल पाक्षिक. पाकिटावर तिकीट नव्हतं, कारण अंधांसाठीचं साहित्य टपालखातं सात किलोपर्यंत फुकट नेतं. आमच्या पोस्टमननं ते मान्य करायला दोन दिवस घेतले, पण केलं. पहिलं पान वाचायला मला पाऊण तास लागला. पट्टी आणि काळ्या पुठ्ठ्याच्या दिवसांत एका पानाला अर्धा तास लागायचा आणि मी रडायचे. इथे पाऊण तास लागला आणि मी यांना स्वयंपाकघरातून हाका मारून बोलावलं.

अजूनही मी ब्रेल हळूच वाचते. जाड कादंबरी ब्रेलमध्ये कधी वाचीन असं वाटत नाही, तिचे पाच-सहा ठोकळे होतात आणि ते ठेवायचे कुठे? कादंबरी कानानं, कविता बोटानं, अशी वाटणी करून टाकलीय. रात्री दिवे गेले तरी माझं पुस्तक थांबत नाही. शेजारची मंडळी मेणबत्त्या शोधत असतात.

५ जानेवारी २०२५ च्या रविवारी माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "मी वडिलांच्या कपाटातला कथासंग्रह वाचतेय."

बाई म्हणाल्या, "फाइल कुठली?"

"माझी. मी केलेली. वर्ड आहे, ईपबही. पानांचे आकडे काढलेत."

क्षणभर कुणी बोललं नाही. मग नांदेडहून आलं, "पाठवा." चिपळूणच्या काकांना यंत्राचा आवाज चालत नाही, तरी तेही म्हणाले, पाठवा. रात्री सगळ्यांना पाठवली आणि झोपले.

बुधवारी सकाळी काकांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, स्वतःच्या आवाजात, चार मिनिटांचा. वाटलं कथा आवडल्या असतील. "ताई, नमस्कार. पान बारा, ‘घर’चं ‘धर’ झालंय. पान एकतीस, ‘भाकरी’ची ‘माकरी’. पान सत्तेचाळीस, म्हातारी उठून बसते तिथे आकडा अजून आहे. पान बावन्न, दुःरव. बाकीचं आज रात्री वाचतो."